चार दातांचं पोकलेन

घरात मोठी वस्तू घ्यायचं ठरलं की वस्तू येते एकदाच, किस्से मात्र रोज येत राहतात. आमच्या घरात पोरी बघताना झाले नसतील एवढे किस्से दत्तादादाचं मिनी पोकलेन बघताना झाले! आता मुखेडच्या बाजारात कुणी भेटलं की चहा सांगायच्या आधी म्हणतं, "तो म्हशीचा सांग की!"

दत्तादादा माझा चुलतभाऊ. पुण्यात दुसऱ्याच्या पोकलेनवर ऑपरेटर. वहिनी आणि पोरी गावात. मागं एकदा "आता गावातच राहतो" म्हणून त्यानं टेम्पो घेतला होता. टेम्पो भाडं घेऊन पुण्याला गेला, तो तिकडंच राहिला आणि दादाही राहिला. आता मात्र स्वतःचं छोटं मशीन घ्यायचं, शिवारातल्या नाल्या, बांध, पाइपलाइनची कामं धरायची आणि कायमचं घरी यायचं, असं त्यानं ठरवलं. आम्ही सगळे हवेत! वहिनी तेवढ्या दारातल्या टेम्पोच्या रिकाम्या जागेकडं बघत होत्या.

* * *

पहिलं काम घरचंच होतं. घरामागच्या विहिरीपासून पाइपलाइन खणायची, आणि तिकडं जायला दोन भिंतींमधला बोळ. नांदेडच्या शोरूममधल्या पोरानं फोनवर विचारलं, "जायचा रस्ता केवढा रुंद आहे?"

फोन घेतला दादाच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या तात्यांनी. म्हणाले, "म्हस जाती."

"काका, फुटांत सांगा ना."

"अवो, म्हस जाती म्हणून सांगून राहिलो की!"

पोरगं सोशिक होतं बिचारं. म्हणालं, "बरं, तुमच्या म्हशीची रुंदी किती?"

तात्या म्हणाले, "गाभण का भाकड?"

शेवटी दादानं टेप आणून बोळ मोजला.

* * *

नांदेडला मशीन बघायला गेलो. तात्यांचा जन्म बैलबाजारात गेलेला. जनावर बघायचं म्हणजे आधी तोंड उघडायचं, दात मोजायचे आणि वय ठरवायचं. पोरगं सांगत होतं, "सर, एकदम ब्रँड न्यू पीस!" तात्या वाकले आणि बकेटच्या कडेवरून हात फिरवायला लागले.

"नवं म्हणता? चार दात आलेत की! हे तर कामाला लागलेलं जनावर हाय!"

पोरगं घाबरून म्हणालं, "काका, ते बकेटचे दात आहेत. कंपनीतूनच येतात."

"जन्मताच चार?" तात्या खूष! "मग आईचं दूध बंद करूनच आणलेलं दिसतंय."

शोरूममधला वॉचमन हसून हसून खुर्चीवर बसला.

* * *

त्याच दिवशी भावाची बोलणी निघाली. बैलबाजारात आकडा तोंडानं कुणी बोलत नाही. उपरण्याखाली हात घालायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. तात्यांनी काय करावं? खांद्यावरचं उपरणं काढलं, पोराच्या हातावर टाकलं आणि आत त्याची बोटं धरली!

पोरगं लाजून लाल. "काका, सगळे बघून राहिलेत!"

"म्हणून तर झाकलंय!"

दादानं मध्ये पडून हात सोडवला. पण खरं सांगतो, कोटेशन आलं तेव्हा रेट उतरलेला होता.

* * *

मग लातूर. सोबत नायगावचे मोईनभाई. त्यांचं वेल्डिंगचं दुकान, आणि दादाची दोस्ती शाळेपासूनची. तिथला माणूस मशीनचा पुढचा हात वर-खाली करून दाखवत होता. आम्ही सगळे तोंड उघडं टाकून बघतोय. मोईनभाई एकटेच मागं जाऊन उभे.

"अरे दत्ता, मुंडी तो सब अच्छीच बताते रे! पीछा कित्ता घूमता वो देख!"

एवढ्यात मशीन फिरलं, मागचा भाग खालच्या, चाकांऐवजी असलेल्या चेनच्या बाहेर आला आणि चहाचं टेबल आडवं! सगळ्यांच्या पॅंटींवर चहा.

मोईनभाई शांतपणे म्हणाले, "देखा? बोळ में ये चाय की जगह तात्या की भिंत रहती."

तिथंच ठरलं, घ्यायचं तर ज्याचं मागचं अंग चेनच्या आतच फिरतं ते.

* * *

तसलं मशीन होतं त्यांच्याकडं. पण बाजूलाच एक टायरचंही उभं होतं, तेवढंच छोटं. झालं, दादा पाघळला! लातूरचा माणूस म्हणाला, "हे घ्या साहेब, रोडवर पळतं. ट्रेलर नको, काही नको. काम कुठंही असू द्या, किल्ली मारा आणि निघा!" मोईनभाई टायर दाबून बघायला लागले. तात्यांनी तर जाता जाता टायरला हळद-कुंकू लावायचं ठरवून टाकलं. मीसुद्धा नाचत होतो, खोटं कशाला बोलू!

वहिनी त्या दिवशी पहिल्यांदाच सोबत आल्या होत्या.  त्या चेनच्या मशीनपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, हे किती पळतं?"

माणूस ओशाळला. "ताई, ते पळत न्हाई. माणूस चालतो तसं चालतं."

"पुण्याला जाईल का?"

"पुण्याला?" तो हसायलाच लागला. "ताई, नायगाव गाठेपर्यंत चेन झिजून जाईल!"

वहिनींनी पदर सारखा केला.

"हेच द्या."