पट्टी नसलेली बाजू

फाळणीनंतर पिंपरीत निर्वासितांचा कॅम्प वसला होता. त्याच्यासमोरून मी सायकलने कारखान्यात जायचो. तिथल्या एका बराकीपुढे एक सिंधी गृहस्थ रोज सोंगट्या खेळायचं टेबल करत बसलेले दिसायचे. यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्या, उसनी करवत, आणि सुतारकामाचा गंध नाही. खिळा वाकला की हळहळायचे, मग दगडावर ठेवून हलक्या हाताने ठोकून सरळ करायचे.

टेबल एकदाचं उभं राहिलं, पण डुगडुगत होतं. तीन बाजूंना पायांमध्ये खाली आडव्या पट्ट्या होत्या, चौथीला नव्हती. असलं अर्धवट काम मला बघवत नाही. एका संध्याकाळी सायकल लावली आणि म्हणालो, "शेठ, इथं पट्टी राहिली. आणा हातोडी, मीच मारतो."

त्यांनी पटकन त्या बाजूवर हात ठेवला. "नको भाऊ. त्याचा एक पाय दुमडत नाही. पट्टी मारली तर पाय कुठे सोडणार तो?"

"कोण?"

"माझा भिडू. समोर बसायचा." त्यांनी फासे सदऱ्याला पुसले. "मुसलमान होता. त्याला निघावं लागलं नाही."

त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. "बसता?"

मी त्या बाजूला बसलो. टेबल हललं, सोंगट्या घरं सोडून सरकल्या, त्यांनी त्या पुन्हा लावल्या. फासे माझ्या हातात आले, तेव्हा लक्षात आलं की मी एक पाय लांब सोडून बसलोय.