पिंजऱ्याचा कोट

मास्तरांनी आयुष्यभर माणसांना कोट शिवले आणि बायको गेल्यावर एक कोट पिंजऱ्याला शिवायला घेतला. ऐकणाऱ्याला वाटेल, म्हातारा दुःखानं भ्रमिष्ट झाला. तसं काही नव्हतं. मास्तरांना दुःख झालंच नव्हतं, आणि पंचाईत तीच होती.

पिंजरा बायकोचा. त्यात मुठीत मावतील एवढे दोन पोपट. दुकानदारानं विकताना त्यांना लव्हबर्ड म्हटलं होतं, पण त्या दोघांचं एकमेकांशी कधी घटकाभर पटलं असेल तर शपथ. हिरव्याची प्रत्येक गोष्टीला हरकत, म्हणून तो वकील. निळी सदा न कदा फुगलेली, म्हणून ती मावशी. नावं बायकोनंच ठेवलेली. दाणापाणी, साफसफाई, लाड, सगळं तिच्याकडे. मास्तरांचा पोपटांशी संबंध एवढाच, की पिंजरा आणि शिलाई मशीन एकाच खोलीत होतं.

तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. माणसं आली, बसली, गेली. मास्तर सगळ्यांना ‘हो, हो’ म्हणाले. मेहुणी म्हणाली, “भाऊजी, मनात ठेवू नका, बोला काहीतरी.” मास्तरांनी मनात काय आहे ते पाहिलं, तर तिथं काहीच नव्हतं. दात काढायला सुई टोचल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं त्यांना सगळं अंगच परक्याचं वाटत होतं. मग ते मशीनवर जाऊन बसले. तिथं निदान पायांना काम होतं. दिवसा बसायचे, जेवून परत बसायचे, आणि खुर्चीतच डोळा लागेपर्यंत शिवत राहायचे. आतल्या खोलीतला पलंग होता तसाच होता.

पोपटांनी मात्र घर डोक्यावर घेतलं. रात्र झाली की वकील सुरू व्हायचा, त्याच्यावर मावशी, तिच्यावर पुन्हा वकील. मधे एकच भिंत, आणि भिंतीपलीकडे बसचा ड्रायव्हर. बिचारा सालस माणूस. एका संध्याकाळी दारात येऊन उभा राहिला.

“काका, राग मानू नका. पहाटेची पहिली बस माझी असते. काल सिग्नलला डोळा लागला माझा. मागे गाडी भरून माणसं होती.”

“बरं,” मास्तर म्हणाले.

“बरं म्हणजे काय करणार?”

ते मास्तरांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी मेहुणीला फोन लावला. तिच्या गच्चीत मोठी जाळी होती, जागा होती, हौसही होती. “रविवारी येऊन घेऊन जाते दोघांना,” ती म्हणाली. मास्तर पुन्हा ‘बरं’ म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांची नजर पिंजऱ्याकडे गेली. हे दोघं गेले की घरात बायकोच्या हातचं, जिवंत असं काही उरणार नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. वाईट वाटलं असं नाही. पण पोपट द्यायचे नाहीत, एवढं नक्की झालं. रविवारच्या आत दोघांना रात्री गप्प बसवायचं.

बायको रात्री पिंजऱ्यावर जुनी चादर टाकायची हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी चादर टाकली. वकिलानं चादरीच्या आतून भांडण चालू ठेवलं. दुहेरी टाकली. मावशीनं भोक शोधून चोच बाहेर काढली. आता दुसरा कुणी असता तर त्यानं पोपटांच्या दुकानात जाऊन विचारलं असतं. मास्तर पडले शिंपी. शिंप्याला जगातला सगळा बिघाड फिटिंगमध्ये दिसतो. चादर ढगळ होती, हाच दोष, असं त्यांनी ठरवून टाकलं.

मग त्यांनी टेप गळ्यात घातली आणि पिंजऱ्याची मापं घेतली. छाती, उंची, खांदा. एका गिऱ्हाइकाच्या कोटातून उरलेलं काळं कापड काढलं, आतून अस्तर लावलं, वरच्या कडीसाठी काज केलं, पुढे चेन बसवली. घुमटाला चुण्या न पाडता कापड बसवणं सोपं नसतं. शेवटची टीप मारून त्यांनी कोट पिंजऱ्यावर चढवला तेव्हा तो असा बसला, की लग्नाच्या नवरदेवालाही कधी बसला नव्हता. कुठून प्रकाशाची तिरीप आत जाईल तर शप्पथ.

मास्तर समाधानानं मशीनवर बसले. पाय पट्टीवर पडतो न पडतो तोच कोटाच्या आत दंगल उसळली. इतका मिट्ट काळोख त्या जिवांनी कधी पाहिला नव्हता. मशीनची घरघर तर ऐकू येतेय, आणि दिसत काहीच नाही. दोघं गजांवर आपटू लागले, पंखांची फडफड आणि किंचाळ्या एक झाल्या. मास्तर चेन उघडायला गेले, तर घाईत अस्तर चेनमध्ये अडकलं. कात्रीनं तो सुरेख कोट मधोमध फाडावा लागला. वकिलाच्या चोचीपाशी रक्त आलं होतं. मावशी तळाशी बसून नुसती थरथरत होती.

दारावर थाप पडली. ड्रायव्हर बनियनवर आला होता. भांडायच्या तयारीनं आला असावा, पण आतला देखावा बघून त्याचा आवाज उतरला.

“हे काय काका? पोपटांना रेनकोट?”

“अंधार केला होता. झोपावेत म्हणून.”

“अहो, कापडाचं काय घेऊन बसलात! काकू होत्या तेव्हा हे दोघं एका शब्दात गप्प व्हायचे. आम्हाला भिंतीतून रोज ऐकू यायचं.”

“काय ऐकू यायचं?”

“तेच हो. ‘चला, पुरे झालं, झोपा आता तिघंही.’ त्यावर आमच्याकडचाही दिवा बंद व्हायचा. घड्याळ बघायची गरज नव्हती.” ड्रायव्हर हसला. “मी कितीतरी दिवस समजत होतो, तुमच्याकडे तीन पोपट आहेत. मग एकदा दिवसा आलो तर पिंजऱ्यात दोनच.”

बायको रोज पोपटांशी काहीबाही बोलते, यापलीकडे मास्तरांनी कधी कान दिला नव्हता. त्यांचा समज असा, की डोळे थकले की आपणच मशीन थांबवतो, दिवा मालवतो आणि उठतो. इतकी वर्षं त्यांना कुणीतरी उठवत होतं. मशीन थांबलं की पोपट थांबायचे, आणि आता मशीन थांबतच नव्हतं. ओरडण्यात पोपटांचा काही अपराध नव्हता.

ड्रायव्हर गेल्यावर मास्तरांनी वकिलाची चोच ओल्या फडक्यानं पुसली. त्यानं बोटाला कडकडून चावून हरकत नोंदवली. मग पिंजऱ्यावर जुनी चादर टाकली, सैल, एक बाजू उघडी ठेवून. मशीनवर झाकण घातलं. दिवा मालवला. आणि काळोखात उभं राहून, कुणी ऐकत नाही ना अशा चोरट्या आवाजात ते म्हणाले, “चला, पुरे झालं. झोपा आता...”

‘दोघंही’ म्हणणार होते. तोंडून आलं, “तिघंही.”

चादरीखाली थोडी कुरकुर झाली. मग थांबली.

मास्तर आत गेले आणि पलंगावर आडवे झाले. उद्या मेहुणीला येऊ नको म्हणून सांगायचं होतं. पोपट राहणार होते. घरात कसलाही आवाज नव्हता, आणि त्या शांततेत ती आता नाही, हे मास्तरांना पहिल्यांदा कळलं. वकिलानं ओरडावं, मावशीनं ओरडावं, ड्रायव्हरनं येऊन दार ठोठावावं, म्हणून ते कान देऊन पडून राहिले. पण पलीकडे ड्रायव्हर घोरत होता, आणि पोपटांनी तिचं ऐकलं होतं.