मोरया म्हटल्यावर ओढायचं

बाबांची परतीची फ्लाइट मंगळवारी होती, आणि रविवार उजाडला तरी मी त्यांना पाण्यातल्या गवतातला एकही बास मासा पकडून दाखवला नव्हता. एकही! हे मला अजिबात सहन होत नव्हतं, कारण व्हिडिओ कॉलवर मी काय काय फेकलेलं ते माझं मला माहीत. "बाबा, इथल्या नदीत बास असतो ना, तो गवत फाडून वर येतो, बॉम्बसारखा! तुम्ही या तर, मी दाखवते!"

बाबा आले. क्वेकर्स हिलच्या माझ्या युनिटमध्ये, म्हणजे फ्लॅटमध्ये राहिले, आसपासची सगळी इंडियन दुकानं पालथी घातली, ऑपेरा हाउस बघून "बरंय" म्हणाले. परत कधी याल विचारलं तर, "एकदा पाहिलं, झालं की. एवढा प्रवास कोण करणार?" आणि मासा? मासा नाही. म्हणजे उघड्या पाण्यात छोटे छोटे निघाले, पण त्यांच्याकडे बघून बाबा म्हणायचे, "हा तर मांजरीचा नाश्ता."

आता बाबा कोण, तर खाडीकाठचा माणूस. नोकरीसाठी डोंबिवलीत आले, पण वाढले रत्नागिरीकडे. सुट्टीत गावी गेलो की आम्ही दोघं गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला जायचो. गरीला जिवंत कोळंबी लावायची, दोरी बोटावर धरायची आणि जरा टोच लागली की हिसका! उशीर केला की कोळंबी गायब. मी तेव्हा इतकी लहान होते की चप्पल उलटी घालायचे, पण हिसका मात्र परफेक्ट. बाबा सगळ्यांना सांगायचे, "हिचा हात बघा."

आणि त्याच हाताने इथे माझी वाट लावलेली.

कारण गवतातली गोष्टच उलटी आहे. विंडसर गावाच्या पुढे नदीला एक आडवा फाटा आहे, तिथे पाणी जेमतेम गुडघाभर आणि वर नुसतं गवत, हिरवीगार गादी टाकल्यासारखं. साधा गळ टाकला तर मासा नाही, भाजीची जुडी येते. म्हणून तिथे रबराचा पोकळ बेडूक वापरतात. गळ त्याच्या पाठीला चिकटून असतात, त्यामुळे तो गवतावरून सरकतो, अडकत नाही. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, तिथल्या एका म्हाताऱ्या कलीगने मला हा बेडूक दिला आणि सांगितलं, "मेट, मासा आला की घाई नको. त्याला बेडूक तोंडात घेऊन वळू दे. मग ओढ." सोप्पंय ना? माझ्या हाताला सांगा! खळबळ दिसली की हात गेलाच वर. अख्खा सीझन हेच. बेडूक माझ्याकडे, मासा गवताकडे.

तर रविवारी सकाळी आम्ही पोचलो. बाबांच्या डोक्यावर माझी गुलाबी कॅप, हातात चहाचा थर्मास. त्यांनी ते गवत बघितलं आणि सरळ म्हणाले, "बाय, इथे? खाडीत असं गवत दिसलं की आम्ही लांब पळायचो. तिकडे मोकळ्यात टाक की."

"मोकळ्यात मांजरीचा नाश्ता असतो, तुम्हीच म्हणालात."

"बरं बाई. कर तुझं."

टाकला. बेडूक गवतावर टपकन पडला. मी त्याला जरा नाचवला, थांबवला, परत नाचवला. एका छोट्या भोकाशी आला आणि धप्पकन् गवत फुटलं! अख्खं! मी हिसका दिला आणि बेडूक हवेतून सुसाट येऊन बाबांच्या थर्मासवर आपटला.

बाबांनी शांतपणे थर्मास उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला. "मासा चहा पितो का गं?"

"बाबा, प्लीज."

"नाही, मी आपलं विचारलं. साखर नाही घातलेली."

दुसऱ्यांदा तेच. या वेळी बेडूक मागच्या झाडात. तो काढायला मला फांदीला लोंबकळावं लागलं, आणि खाली बाबांची कॉमेंट्री चालूच, "बरोबर आहे, इकडे सगळं उलटं, मासे झाडावर असतील." मला हसूही येत होतं आणि रडूही. मंगळवारी हा माणूस जाणार, आणि गावी जाऊन सांगणार काय, तर पोरगी झाडावर चढली.

मी बेडूक घेऊन खाली आले तर बाबा एकदम सिरियस. म्हणाले, "तू देतेस तो कोळंबीचा हिसका आहे. मासा कोळंबी चोरून नेतो. हा रबरी बेडूक कोण चोरणार?"

"मला कळतं हो! हात ऐकत नाही ना! तुम्हीच शिकवलाय!"

बाबांनी बेडूक हातात घेऊन बघितला. मग म्हणाले, "परवा वॉशिंग मशीन कसं चढवलं आपण?"

सेकंडहँड मशीन आणलेलं, लिफ्ट बंद, आणि आम्ही दोघांनी ते जिन्याने वर नेलं. कसं? जसं सगळे करतात तसं. एकाने म्हणायचं "गणपती बाप्पा", दुसऱ्याने "मोरया", आणि मोरयाला जोर. त्याच्या आधी कुणी उचलत नाही. लहानपणापासून कपाटं, सोफे, पाण्याच्या टाक्या, सगळं असंच तर उचललंय आपण. बाप्पाला कुणाचा हात हलतो का? नाहीच हलत!

"मी म्हणतो," बाबा म्हणाले. "तू मोरयाला ओढ."

"इथे? ओरडून?"

"मग काय लाजायचंय? माशाला मराठी कुठे येतं."

परत टाकला. लिलीच्या पानांच्या कडेला. बेडूक दोनदा हलवला, थांबले. पानं थरथरली. आणि धप्प! माझा खांदा वर गेलाच होता, तेवढ्यात मागून बाबांचा असा आवाज लागला की पलीकडे छोट्या होडीत, कयाकमध्ये बसलेला माणूस वल्हं सोडून बघायला लागला.

"गणपती बाप्पाऽऽऽ"

हात थांबला! देवाशप्पथ थांबला! बेडूक गायब होता, लाइन हळूच बाजूला सरकत होती, आणि मी, "मोरयाऽऽ!"

रॉड वाकली ती वाकलीच. जड! तो सरळ खाली गवतात घुसायला निघाला. तिथे घुसला असता तर संपलं होतं. मी रॉड डोक्याच्या वर धरली आणि मागे मागे चालत सुटले. बाबा चपलेसकट पाण्यात. "सोडू नको, बाय! ढील नको! ये, ये, ये!" आणि गवताचा एक मोठ्ठा गोळा काठाला आला. बाबांनी तो दोन्ही हातांनी उपसला, आणि आत हा! काळपट सोनेरी, पाठीचे काटे ताठ, तोंडात माझा बेडूक.

"अगं, हा तर आपल्या खाडीतल्या जिताड्याचा धाकटा भाऊ!"

कयाकवाला ओरडला, "गुड फिश, मेट!" बाबांनी त्याला असा हात केला जणू मासा त्यांनीच पैदा केलाय.

कोपरापासून मनगटाच्या जरा पुढे होता. मी हात ओले केले, फोटो काढला आणि त्याला पाण्यात धरून उभा केला. बाबांचा चेहरा बघत होते, कारण खाडीतला माणूस मासा सोडत नाही. माशाने शेपटी मारली, आमच्या दोघांच्या तोंडावर पाणी उडवलं आणि गवतात गेला.

परत येताना गाडीत बाबांनी गावी काकाला व्हॉइस नोट पाठवली. ओल्या पँटखाली माझा टॉवेल अंथरून, फोन तोंडाशी धरून, "ऐक. पोरीनं मासा काढला. गवतातनं! आपण दोघं असतो तर गरी तोडून घरी आलो असतो. हातभर होता, हातभर!"

हातभर! मी स्टिअरिंग घट्ट धरलं. मला तोंड उघडायचंच नव्हतं, कारण उघडलं असतं तर मी किंचाळलेच असते. हिचा हात बघा म्हणणारे बाबा परत आले होते.

काकाचं लगेच उत्तर आलं. "फोटोत एवढासा दिसतोय. कालवण केलंत का?"

बाबांनी बटण दाबलं. "कालवण नाही. सोडला तिनं. तो मोठा होईल तेव्हा मी परत येणार आहे."