ठेवणीतली गन

चिकट म्हणा, किरकिऱ्या म्हणा, पण मला चांगली वस्तू मोडलेली बघवत नाही. ह्या स्वभावाचं मला निम्मं आयुष्य मोठं कौतुक होतं. ते एका हवेच्या गननं उतरवलं.

बीड जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या वर्कशॉपात मी फोरमन होतो. दोन वर्षं पावसानं पाठ फिरवली, ऊस उभा वाळला, आणि त्या हंगामात कारखान्याचा बॉयलर काही पेटला नाही. वर्कशॉप तेवढं चालू राहिलं, कारण गावोगाव पाणी नेणारे टँकर दुरुस्तीला आमच्याकडं यायचे. रस्त्यांवर नुसता फुफाटा. टँकरचा एअर फिल्टर दोन दिवसांत मातीनं गच्च व्हायचा आणि इंजिन दमेकऱ्यासारखं धापा टाकायला लागायचं. मग फिल्टर काढायचा, कंप्रेसरच्या हवेनं आतून बाहेर झोडपायचा, माती उडवायची आणि परत बसवायचा. नळीच्या टोकाला पिस्तुलासारखं जे अवजार असतं, घोडा दाबला की हवा सोडणारं, तीच गन. दिवसाकाठी सात-आठ टँकर तिच्यावर निघायचे.

हे काम मिस्तरी करायचे. माझ्याहून वयानं मोठे, बोलायला कमी, आणि नजर अशी की डिझेलच्या नोझलचा फवारा नुसता बघून सांगायचे, कोणत्या भोकात कचरा आहे. मशीन लावून तपासलं तर तेच निघायचं. मी त्यांच्यावर ओरडायचो, कारण मी सगळ्यांवरच ओरडायचो. ते ऐकून घ्यायचे आणि त्यांच्या मनाप्रमाणंच करायचे.

आमच्या गनचा जीव कधीच गेलता. स्प्रिंग तुटलेली, त्यामुळं हवा बंदच व्हायची नाही. एका हातानं रबरी नळी मुडपून हवा अडवायची, सोडायची, परत मुडपायची. पुढची पितळी नळी तारेनं बांधलेली. म्हणजे मिस्तरींचा एक हात नळीवर, दुसरा गनवर, फिल्टर गुडघ्यांत धरलेला. माती उसळली तर तोंड झाकायला तिसरा हात आणायचा कुठून? चष्मा घाला म्हटलं तर म्हणायचे, "घामानं धुरकटतोय साहेब, काय बी दिसत न्हाई," आणि तो कपाळावर चढवून ठेवायचे.

एके दिवशी व्हायचं तेच झालं. उजव्या डोळ्यात खडा गेला. बीडच्या डॉक्टरनं तो काढला, पट्टी बांधली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "ह्याच डोळ्याला परत लागलं तर हातचा गेला समजा."

मी तडक संचालकांच्या बैठकीत शिरलो. चांगली गन पाहिजे म्हटल्यावर एक संचालक हसले. "कावून? वाघ मारायचाय का फोरमन?"

"वाघ न्हाई, माणसाचा डोळा वाचवायचाय," मी म्हणालो. आवाज जरा चढलाच. "तुमच्या गावाला टँकर येतोय ना? तो ह्या माणसाच्या डोळ्यावर येतोय." गन तिथल्या तिथं मंजूर झाली. त्या दिवशी मी छाती काढून चाललो, खोटं कशाला सांगू.

बीडला बसस्टँडच्या मागं एक हार्डवेअरचं दुकान होतं. कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेले दुकानदार आप्पा गादीवर बसलेले. त्यांनी लाल, निळ्या, पिवळ्या गनांचा ढीग माझ्यापुढं ओतला. सगळ्या प्लास्टिकच्या. मी एक उचलली आणि विचारलं, "फरशीवर पाडून बघू का?"

"अहो, विकत घ्या आन मग आपटा की!" आप्पा दचकले.

"पाडायचीच नसली तर वर्कशॉपात कशाला न्यायची? देव्हाऱ्यात ठेवू का?"

मग त्यांनी आतून एक काढली. अंग धातूचं, आतला व्हॉल्व्ह पितळी, घोडा जाड आणि बोटात बसणारा. पुढच्या नळीला टोकाशी बाजूनं बारीक भोकं होती, म्हणजे तोंड कशावर टेकलं तरी हवा बाजूनं निघून जावी, कातड्यात घुसू नये. दुकानातल्या कंप्रेसरला लावून घोडा दाबला, हवा सुटली. सोडला, जागच्या जागी बंद. असं वीसेक वेळा केलं. आता सांधा गळतोय का ते बघायला मी बादलीभर पाणी मागितलं, बुडवून बुडबुडे बघावेत म्हणून.

आप्पांनी हात जोडले. "चहा पाजतो, जेवू घालतो. पाणी तेवढं मागू नका."

मग पंक्चरवाला ट्यूबच्या व्हॉल्व्हला करतो तेच केलं. बोटाला थुंकी लावली आणि प्रत्येक सांध्यावर फिरवली. एक बुडबुडा आला नाही. आप्पा म्हणाले, "पोरगी बघाय आल्यावानी बघताय राव." मी म्हणालो, "पोरगी एकदा बघून पसंत करीन, गन न्हाई."

वर्कशॉपात नारळ फोडला. गनला हळदकुंकू लावलं. नारळातलं पाणी एक थेंब कुणी सांडू दिलं नाही, सगळ्यांनी ओंजळीत घेतलं. मिस्तरींनी गन हातात घेऊन दोनदा दाबली, आणि मी कधी बघितलं नव्हतं असं हसले.

आणि मग मी काय केलं? ती पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.

आज कुणी विचारलं तर मला धड सांगता येत नाही, का. आमच्याकडं चांगली वस्तू ठेवणीतलीच असते. स्टीलची नवी ताटं पाहुण्यांना, नवी चादर ट्रंकेत, आणि आपण जन्मभर चेपलेल्या ताटात जेवायचं. ड्रायव्हर लोक येऊन कुठल्याही अवजाराला हात घालतात, आपटतात, उचलून नेतात. एवढी भांडून आणलेली, पारखलेली गन त्यांच्या हातात द्यायची? मी मिस्तरींना म्हणालो, "लागली की मागा, मी काढून देत जाईन."

ते म्हणाले, "राहू द्या साहेब. जुनीवर भागतंय. नवी दसऱ्याला काढू." मला ते पटलं. दोघांनाही पटलं, ह्याचंच आता नवल वाटतं. किल्ली मी करदोट्याला बांधून फिरायचो. पहिले चार दिवस मी आपण होऊन काढून दिली. मग कामाच्या गर्दीत विसरत गेलो, आणि मिस्तरींनी एकदाही मागितली नाही.

पुढं एका एकादशीला मी बायकोबरोबर नारायणगडाला दर्शनाला गेलतो. रांगेत उभं राहून पाऊस मागितला. किल्ली कमरेलाच होती.

इकडं दुपारी नेकनूरकडचा टँकर आला. ड्रायव्हर ओरडत होता, बाया सकाळपासून घागरी मांडून बसल्यात, लवकर करा. मिस्तरींनी फिल्टर गुडघ्यांत धरला, नळी मुडपली, सोडली. तारेनं बांधलेलं पितळी टोक सुटलं, फिल्टरच्या कडेवर आदळलं आणि उलटून उजव्या डोळ्यात आलं.

पुढचं मला ड्रायव्हरनं सांगितलं. मिस्तरी खाली बसले. डोळ्यावर फडकं दाबलं. आणि फडक्याआडूनच त्याला म्हणाले, "फिल्टर नीट बसव. बाण वरच्या अंगाला." टँकरचं इंजिन नीट चाललेलं ऐकलं, मगच ते दवाखान्यात जायला कारखान्याच्या जीपमध्ये बसले.

संध्याकाळी मी प्रसाद घेऊन एसटीतून उतरलो तेव्हा हे कळलं. वर्कशॉपात जाऊन कपाट उघडलं. गन पिशवीत होती, हळदकुंकू तसंच्या तसं. वाटलं, स्वतःच्या मुस्कटात मारून घ्यावी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हलगर्जीपणावर ओरडलो, आणि इथं तर कुणाचा हलगर्जीपणाही नव्हता. मीच जपून जपून माणसाचा डोळा घालवला. कुलूप भंगारात फेकलं. नळीच्या शेजारी भिंतीत खिळा ठोकला आणि गन त्यावर अडकवली. प्रसादाची पुडी तिथंच राहिली.

डोळा गेलाच. डॉक्टरनं आधीच सांगितलं होतं, त्यामुळं मला आश्चर्य वाटायची सोयही नव्हती. भेटायला मी दोनदा त्यांच्या घरापर्यंत गेलो आणि दारातून परत फिरलो.

दीड महिन्यानं मिस्तरी कामावर आले. खिळ्यावरची गन काढली, घोडा दाबला, सोडला. हवा जागच्या जागी बंद झाली. मग बोटाला थुंकी लावून त्यांनी सांध्यावर फिरवली आणि बोट तोंडाजवळ आणून, एका डोळ्यानं, बराच वेळ बघत राहिले. बुडबुडा नव्हता.

"टिकंल," ते म्हणाले. "लई दिवस टिकंल ही."

मला राहवलं नाही. म्हणालो, "मिस्तरी, शिव्या द्या मला. दोन थोबाडीत मारा, पण असं बोलू नका."

मी त्यांच्या उजव्या हाताला उभा होतो. माझ्याकडं बघायला त्यांना आता पुरती मान वळवावी लागली. ती त्यांनी वळवली.

"कावून साहेब? तुमी तर चांगली आणलीती. मागायला आमीच लाजलो."

आणि त्यांनी फिल्टर गुडघ्यांत धरला.