पंप लागायच्या आधी

डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला आमचा ब्लॉक. तळमजल्यावर, पंपाच्या खोलीला अगदी चिकटून. म्हणून सोसायटीने पंपाचं काम आईच्या गळ्यात मारलेलं. सकाळी खालची टाकी भरली की आई बटण दाबायची, पंप घरघरायला लागायचा आणि वरच्या टाकीत पाणी चढायचं. त्या आवाजात शेजारी उभ्या माणसाचं बोलणंही कळायचं नाही. माझ्या रियाजाला याहून बरी वेळ कुठली?

रियाज म्हणजे तोंडाने ड्रम वाजवायचा. नव्वदीची सुरुवात होती. याला बीटबॉक्सिंग म्हणतात हे कुणाच्या बापाला ठाऊक! आखातातून आलेल्या मामेभावाच्या कॅसेटवर ऐकलेलं आणि डोक्यात घुसलेलं. पंप लागला की मी मोरीत जाऊन उभी राहायचे. आधी ओठांचा नुसता 'ब', मग दातांमागून 'ट्स', मग जिभेच्या मुळाकडून 'क'. आधी सावकाश, मग जोरात. पंप थांबला की मी गप्प. बाबांना कळलं तेव्हा ते वैतागले, "मुलीच्या जातीला हे थुंकणं शोभतं का?" आई म्हणाली, "थुंकत नाहीये, वाजवतेय." विषय संपला. वर्षभर मी एक सकाळ चुकवली नाही, कॉलेजची परीक्षा होती तेव्हाही नाही.

सोसायटीच्या गणपतीत कार्यक्रम असायचा. त्यात माझं नाव घालायला आईच सेक्रेटरींशी भांडली. "वहिनी, मुलींचा नाच ठेवलाय ना," ते म्हणाले. आई कसली ऐकतेय! "ती वाजवणार. माझी जबाबदारी," असं अख्ख्या कमिटीसमोर बोलून आली. झालं! आता माझं फसलं असतं तर हसं आईचं झालं असतं.

आणि फसलंच की. आदल्या संध्याकाळी माईकवर तालीम होती. मी सुरू केलं, आणि स्पीकरमधून ड्रमपेक्षा मोठा आला तो माझाच श्वास. घशातून ओढलेला, दम्याच्या पेशंटसारखा. वर्षभर पंपाच्या घरघरीत तो मला कधी ऐकूच आला नव्हता! श्वास कुठे घ्यायचा, कसा लपवायचा, काही शिकलेच नव्हते. पोरं फिदीफिदी हसली. मी मध्येच बंद पडले. "वहिनी, सकाळपर्यंत बघा," सेक्रेटरी म्हणाले, "नाहीतर नाव काढतो." मला इतकी लाज वाटली की न जेवताच झोपले.

सकाळी जाग आली तर शांतता. खालची टाकी भरलेली, पण पंप बंद. आई पंपाच्या खोलीत, बटणाला पाठ लावून उभी.

"ये. इथे कर."

"अगं, पण पाणी?"

"तुझं झालं की लावते."

मी सुरू केलं. श्वासाची तीच घरघर. "ऐकू आला श्वास," आई म्हणाली. "परत." पुन्हा केलं, पुन्हा तेच. एवढ्यात वरून हाका सुरू झाल्या. "अहो, पंप लावा! नळाला पाणी नाही!" कुणीतरी बादली आपटली. आई ढिम्म. शेवटी सेक्रेटरीच खाली आले, कमरेला टॉवेल, कानाला साबणाचा फेस. "वहिनी, काय चाललंय हे? ऑफिसला जायचंय मला!"

"भाऊ, सकाळपर्यंत बघा म्हणालात ना? बघतेय. तुम्हीही ऐका."

मला रडू येत होतं, रागही येत होता. त्या रागातच 'क' मारताना मी हवा बाहेर टाकायच्या ऐवजी आत खेचली. खाडकन वाजला! श्वास त्या आवाजातच आत गेलेला. पुढचा 'क'ही तसाच मारला, त्याच्या पुढचाही. मध्ये कुठे थांबायची गरजच पडेना. जिन्यात वरच्या मजल्यांवरची माणसं रिकाम्या बादल्या घेऊन उभी होती. त्यांचा आरडाओरडा केव्हा बंद झाला मला कळलंही नाही.

माझं झाल्यावर सेक्रेटरी कानाचा फेस पुसत म्हणाले, "राहू दे नाव. आता तरी लावा तो पंप!"

आईने बटणावर बोट ठेवलं आणि परत काढलं. "थांबा हो जरा," ती त्यांना म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "आणखी एकदा कर ना गं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वर्षभर रोज सकाळी ती या पंपाशेजारीच उभी असायची. आदल्या संध्याकाळच्या तालमीपर्यंत माझं वाजवणं तिने कधी ऐकलेलंच नव्हतं, आणि तरी ती कमिटीशी भांडून आली होती.