भुयाराच्या तोंडाशी

गावाबाहेरचं शेत ओलांडलं की ओढा, ओढ्यावर फळी, पलीकडे दोन मोठे दगड आणि दगडांमागे भुयार. हा रस्ता मी डोळे मिटून चालले असते. चालायचं तरी कुठे होतं म्हणा? मुलुंडच्या आमच्या ब्लॉकमध्ये टीव्हीसमोर फरशीवर बसून नुसता अंगठा चालवायचा.

तो व्हिडिओ गेम बाबांनी आखातातून पाठवला होता. संपानंतर त्यांची गिरणी उघडलीच नाही, तेव्हा हो-ना करत ते तिकडे गेले, आणि आई नि मी परळची चाळ सोडून मुलुंडला आलो. आई कांजूरमार्गच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली. माझी सातवीची शाळा सकाळची. दुपारी कुलूप काढून घरात शिरले की आई येईपर्यंत मी एकटीच. चाळीत दार लावलं तर लोक विचारायचे, बरं नाही का? इथे दार उघडं ठेवलं तर समोरच्या बाई विचारायच्या, काही हवंय का? मीही दार लावायला शिकले.

गेममधला बोटभर माणूस हातात काठी घेऊन वेशीपाशी उभा असायचा. त्याने नेमकं काय करायचं आहे हे मला कधीच कळलं नाही, कारण सगळं जपानी लिपीत. गावातल्या म्हातारीशेजारी उभं राहून बटण दाबलं की ती भराभर काहीतरी सांगायची. एक अक्षर कळत असेल तर शपथ. मग मीच तिच्या तोंडी बोलणं घालायची, आमच्या चाळीतल्या बायकांसारखं मालवणी. "जेवलंस काय रे? उन्हातान्हाचो खंय चललंस?" त्याच्या वतीने उत्तरही मीच द्यायची. असल्या गप्पा किती वेळ चालणार?

विहिरीमागच्या झोपडीत ढाल मिळायची. शेतातले शिंगवाले किडे काठीने मारायचे. एवढं जमत होतं. पण गेम बंद केला की सगळं पुसलं जायचं, आणि आई दमून घरी आली की तिला गेमच्या आवाजाची ती पिपाणी सहन व्हायची नाही. त्यामुळे रोज पुन्हा वेस, पुन्हा म्हातारी, पुन्हा ढाल आणि पुन्हा भुयार. आत मिट्ट काळोख. दोन पावलं टाकली की लाल डोळे लुकलुकायचे आणि खेळ खलास.

शेवटी मी भुयारात जाणंच सोडलं. त्याला तोंडापर्यंत न्यायची आणि परत शेतात फिरवत बसायची. भीती नव्हती, मरणं अंगवळणी पडलं होतं. पण मेल्यावर शेजारी बसून "अरेरे" म्हणायलाही कुणी नाही, याचा मला भयंकर राग यायचा.

आमच्याकडे तेव्हा पत्रांपेक्षा कॅसेटी जास्त चालायच्या. तिकडून कोणी सुट्टीवर आलं की बाबांचा आवाज घेऊन यायचं आणि परत जाताना आमचा घेऊन जायचं. अशाच एका कॅसेटवर मी बाबांना सांगितलं, की ज्याच्याकडून गेम घेतलात त्या दुकानदाराला विचारा, भुयारात उजेड कसा करायचा. तुमचं उत्तर येईपर्यंत मी आत जाणार नाही. आई म्हणाली, त्यांना तिकडे तेवढाच उद्योग आहे. पण मी खरंच गेले नाही. खरं तर मला उजेडाचं एवढं पडलं नव्हतं. बाबा माझ्या खेळात यायला हवे होते, कसेही.

उत्तराला खूप दिवस लागले. एका दुपारी भांडुपचे एक काका दारातूनच कॅसेट देऊन गेले. आई येईपर्यंत दम धरवेना. टेपरेकॉर्डर फरशीवर ठेवून मी त्याच्यासमोर बसले.

आधी तब्येती झाल्या, मग आईला सूचना. मग माझं नाव घेऊन बाबा म्हणाले, की दुकानदाराला विचारलं, त्याला काही ठाऊक नाही. तो नुसता विकतो. माझा चेहरा पडला. बाबा जरा थांबले, खाकरले, आणि गाऱ्हाणं घालायला लागले.

आम्हा कोकणातल्या लोकांत कुठल्याही कामाआधी घरातला कर्ता देवापुढे गाऱ्हाणं घालतो. तो एकेक वाक्य बोलतो आणि प्रत्येक वाक्याला बाकी सगळे एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा." एकट्याने घालायची ती गोष्टच नव्हे.

"बा देवा म्हाराजा, माझा चेडू भुयारात जाता आसा." चेडू म्हणजे लेक, म्हणजे मी.

बाबा थांबले. माझ्या लक्षात येईपर्यंत ते पुढे गेलेसुद्धा.

"वाटेत काय इडापिडा आसात ती दूर कर, म्हाराजा."

पुन्हा थांबले. आमच्यासाठी जागा सोडत होते ते. त्या जागेत पंख्याची घरघर ऐकू येत होती, लांब कुणीतरी परक्या भाषेत ओरडत होतं. त्यांच्या खोलीत आणखी तिघे होते, पण त्यांतला कोकणातला एकही नव्हता. इतके दिवस मला वाटत होतं, एकटी राहिले ती मी. बाबा नुसते लांब होते. ते एकटे असतील हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आणि तेका सुखरूप भायर काढ रे म्हाराजा."

या वेळी ते जास्त वेळ थांबले. मी टेपरेकॉर्डरच्या आणखी जवळ सरकले. मग बाबांनीच, अगदी हळू, कुणी ऐकू नये असं म्हटलं, "व्हय म्हाराजा."

त्या दुपारी मी गेम लावला नाही. कॅसेट मागे घेतली आणि बाबांनी सोडलेल्या एकेका जागेत, समोरच्या ब्लॉकमध्ये ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "व्हय म्हाराजा" म्हणत गेले. शेवटच्या जागेला त्यांच्या आधी म्हणायचं असं ठरवलं होतं, म्हणजे त्यांना ते एकट्याला म्हणावं लागलं नसतं. पण जमलं नाही. आम्ही दोघं एकदमच म्हणालो.