निवड झाली, पण वैष्णवी जाणार नाही

मंडळी, आत्ताच अमरावतीहून घरी आले. चहाही घेतला नाही, आधी हे लिहिते.

मी दर्यापूरला शाळेत खेळाची शिक्षिका आहे. आज अमरावतीला जिल्ह्याच्या मुलींच्या फुटबॉल संघाची निवड चाचणी होती. आमची वैष्णवी गोलकीपर. आज तिने एकही गोल होऊ दिला नाही. यादीत तिचं नाव आलं तेव्हा जीपच्या फेऱ्या सोडून आलेल्या तिच्या बाबांनी रुमालाने डोळे पुसले.

मग आयोजकांनी एक कागद हातात दिला. किट, प्रवास, राहणं, सराव शिबिर, सगळा खर्च पालकांचा. मुदत परवापर्यंत.

बाबांनी कागद दोनदा वाचला. "मॅडम, पोरगी निवडली म्हणता ना? मंग पैसे काहून मांगून राहिले?"

मी म्हटलं, "मी वर्गणी काढते ना."

"मागच्या सालीबी काढली तुमी. किती जणींसाठी मांगत फिरसान?"

वैष्णवी ग्लोव्ह्ज काढत ऐकत होती. म्हणाली, "मॅडम, माह्या मागच्या नंबरच्या पोरीले आजच सांगून टाका. तिले तयारीले टाइम भेटन."

तो फोन मीच केला. पलीकडची मुलगी आनंदाने ओरडली. परवापर्यंत पैसे भरायचे आहेत, एवढं सांगून मी फोन ठेवला.

इतकी वर्षं मी मुलींना सांगत आले, तुम्ही फक्त चांगलं खेळा, बाकी होतं सगळं. उद्या सकाळी मैदानावर सगळ्या जमतील. त्यांना काय सांगू?